चाकांवरचे बिऱ्हाड

2021 मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि निजण्याची, रांधण्याची व स्नानाची सोय जिच्या पोटातच आहे अशी मोटार भाड्याने घेऊन सहकुटुंब देशाटनास निघण्याची एक नवीनच प्रथा आपल्या मुलखात रुजू पाहत आहे, असा बोलबाला झाला. वाहन नवे आहे, यात संशय नाही. परंतु प्रथा नवी आहे हे मात्र निदान करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, रहिवाशाने तरी मान्य करण्याचे कारण नाही. सह्याद्रीच्या माथ्याशी वसलेल्या आणि देश व कोकण यांच्यामधील दळणवळणाची किल्ली शतकानुशतके कमरेला बाळगून असलेल्या या नगरात, बायकापोरे, भांडीकुंडी, पीठमीठ आणि अंथरूण-पांघरूण यांसह भाड्याच्या चाकांवर संसार थाटून दिवसचे दिवस वाट तुडवणे हा आमच्या पणजोबांच्या काळी विलास नसून नित्याचा व्यवहार होता. आणि त्या व्यवहाराचे जे शास्त्र गाडीवानांच्या पिढ्यांनी घाटांत बैलांच्या शेपट्या धरून सिद्ध केले, त्यातील बराचसा भाग आजच्या मोटारबिऱ्हाडालाही जसाच्या तसा लागू पडतो.

पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये डॉ. सांकलिया व दीक्षित यांनी उत्खनन केले आणि त्याच टेकडीतून निघालेली समुद्रदेवाची, पोसायडनची, इवलीशी रोमन कांस्यमूर्ती आजही टाऊन हॉलच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. ग्रीक-रोमन सागराचा अधिपती समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्याच्या आत येऊन बसला तो कोणाच्या तरी बैलाच्या पाठीवर बसूनच आला असला पाहिजे. कारण बंदरांतून वर येणाऱ्या वाटा त्या काळी पाऊलवाटाच होत्या, आणि पुढेही कित्येक शतके राजापूरहून अणुस्कुऱ्याच्या घाटाने वर येणारा माल लमाणांच्या तांड्यांतील गोण्या लादलेल्या बैलांनीच वाहिला. चाक या डोंगरात फार उशिरा शिरले. एकोणिसाव्या शतकात फोंडा, आंबोली, आंबा अशा घाटांतून गाडीरस्ते तयार झाले, तेव्हा कोठे गूळ घेऊन खाली जाणारी आणि नारळ, मीठ, सुकी मासळी घेऊन वर येणारी बैलगाडी कोल्हापूरच्या पेठांतून दिसू लागली. 1895 मध्ये शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली आणि या गाड्यांच्या रहदारीस एक कायमचे ठाणे मिळाले.

माल वाहणारी गाडीच प्रसंगी माणसे वाही. बांबूच्या कामट्या वाकवून त्यांवर तट्ट्या बांधल्या, तळाशी पिंजर पसरून वर घोंगडी व गोधड्या अंथरल्या, मागच्या बाजूस पाण्याची घागर दाव्याने जखडली, की सवारीची गाडी तयार होई. आणि श्रीमंतांसाठी शिगराम, एकट्यादुकट्यासाठी छकडा किंवा दमणी असे तिचे प्रकारही होते. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरील आगबोटी बंद झाल्या म्हणजे मुंबईहून मालवण-सावंतवाडीकडे निघालेली मंडळी रेल्वेने मिरजेवरून कोल्हापुरास येत आणि तेथून भाड्याचे वाहन ठरवून राधानगरी-दाजीपूरच्या वाटेने घाट उतरत. भर पावसात, दिवसाला सहा-सात कोस या गतीने, चार-पाच मुक्कामांचा हा प्रवास. त्यात बाळंतिणी असत, म्हातारी माणसे असत, लोणच्याच्या बरण्या असत. मुक्कामाला तीन दगडांची चूल पेटे, भाकरी भाजल्या जात, पुरुष गाडीखाली आणि बायकामुले गाडीत निजत. यास चाकांवरचे घर म्हणावयाचे नाही, तर कशास म्हणावयाचे?

आता या घराच्या सुरक्षिततेची गोष्ट. गाडी ठरवताना जाणता गृहस्थ भाड्याची घासाघीस नंतर करी. आधी बैलांचे दात पाही, खुरांना पत्र्या ताज्या मारलेल्या आहेत की झिजल्या आहेत हे बघे, चाकाची लोखंडी धाव लाकडाला घट्ट बसली आहे का हे दगडाने ठोकून ऐके आणि कण्याला वंगण आहे का हे बोट लावून तपासे. त्यानंतर विसार द्यावयाचा. गाडी भरण्याची तर एक स्वतंत्र विद्याच होती. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्यांना फास बसतो आणि चढावर गाडी मागे कलंडण्याची भीती. पुढे जास्त झाले तर सारा भार बैलांच्या माना मोडतो आणि उतारावर ते तोंडावर पडतात. म्हणून जड पेट्या नेमक्या कण्यावर, हलके गाठोडे टोकांना, आणि उंचावर काहीही जड ठेवावयाचे नाही, हा दंडक. एखाद्या यजमानीणबाईने आपली पितळी भांड्यांची पेटी हाताशी असावी म्हणून मागे ठेवण्याचा आग्रह धरला तर गाडीवान तो निमूटपणे ऐकून घेई आणि पहिल्या विसाव्याला ती पेटी निमूटपणेच जागेवर सरकवी.

घाटाच्या तोंडाशी मात्र त्याचे निमूटपण संपे. तेथे तो हाकिमाप्रमाणे बोले. चालती माणसे खाली उतरावयाची, अपवाद काय तो बाळंतिणीचा. चाकांना दाबून धरणारा लाकडी दांडा दोरीने आवळावयाचा. गाडीच्या मागे एकाने धोंडा घेऊन चालावयाचे आणि बैल थांबले की तो तत्काळ चाकाखाली सारावयाचा. वळणावर डोंगराच्या अंगाची वाट धरावयाची, आणि खालून गाडी येत असेल तर चढणाऱ्यास आधी वाट द्यावयाची, कारण चढावर एकदा थांबलेली जोडी पुन्हा ओढ घेत नाही. एकटी गाडी घाटात घालावयाची नाही, चार-सहा गाड्या जमल्या की मगच निघावयाचे. अंधार पडण्याच्या आत घाट संपला पाहिजे, नाहीतर माथ्यावरच मुक्काम. कण्याखाली कंदील टांगल्याशिवाय रात्री चाक फिरवावयाचे नाही. पिंजर अंथरलेल्या गाडीत विस्तव घेऊन बसावयाचे नाही, यजमानाची चिलीम असली तरी. भाडे देणारा धनी, परंतु घाटापुरता हुकूम गाडीवानाचा, हा संकेत कोणत्याही कबुलायतीत लिहिलेला नसे आणि तरीही तो मोडण्याची हिंमत सहसा कोणी करीत नसे. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती ही एक गोष्ट. लोक समजत की आपण गाडी भाड्याने घेतली आहे. वस्तुतः ते वाटेचे ज्ञान भाड्याने घेत असत आणि गाडी त्या ज्ञानाबरोबर येत असे.

याच गाडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारी अंमलदार फिरतीवर निघाला म्हणजे त्याचे तंबू, राहुट्या, दफ्तर, स्वयंपाकाचा सरंजाम असा सारा लवाजमा गाड्यांवर चढे, आणि साहेबाची न्याहारी एका मुक्कामावर चालू असतानाच डेऱ्यांचा दुसरा जोड पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. या कामासाठी गाड्या धरल्या जात. भाडे मिळाले तर नशीब, आणि हमालीला धरलेल्या माणसांना तर तेही नाही. वेठीने आणलेला माणूस आणि विसार घेऊन आलेला गाडीवान हे दोघे एकाच घाटात एकच गाडी हाकीत असले तरी ती दोन निराळी चाके होत, कारण पहिल्याला साहेबास गाडीतून उतरा असे सांगण्याचा अधिकार नव्हता. शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात वेठबिगार बंद करण्याचे हुकूम काढले, त्याचे सामाजिक महत्त्व इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिले आहे. वाहतुकीच्या इतिहासातही त्याची नोंद व्हावयास हवी. महाराज स्वतः वाहनांचे मोठे शौकीन. खडखडा नावाची उघडी, दणकट गाडी जुंपून शिकारीच्या मैदानांत जाण्याचा त्यांचा परिपाठ कोल्हापूरकर अजूनही चवीने सांगतात, आणि संस्थानी शिकारीचे चित्तेही डोळ्यांवर झापड बांधून अशाच गाडीतून माळावर नेले जात.

1891 मध्ये कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला आणि देशाकडील लांब पल्ल्याच्या गाड्यांची सद्दी संपली. घाटाकडील मात्र संपली नाही. आजतागायत कोल्हापूरचे रूळ सह्याद्री उतरलेले नाहीत.

गंमत अशी, की ज्या दशकात आमच्याकडे लोक बैलगाडीतला संसार टाकून आगगाडीत बसू लागले, त्याच सुमारास इंग्लंडात आगगाडीला कंटाळलेले लोक घोड्याच्या गाडीत संसार मांडू लागले होते. डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, आरमारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एका लेखक-वैद्याने 1885 मध्ये ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घरगाडी मुद्दाम बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून तो देशभर हिंडला. विलासी पर्यटनाच्या कॅराव्हॅनचा मूळपुरुष म्हणून त्याचे नाव घेतात. पुढे 1907 मध्ये अशा हौशी लोकांचा एक क्लबही तेथे निघाला. पण या गृहस्थानेही बरोबर कोचमन घेतला होता, आणि त्याचा एक नोकर तीनचाकी सायकलवर बसून गाडीच्या पुढे जाई व अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्यांना सावध करी. फोंड्याच्या घाटात धोंडा घेऊन मागे चालणारा पोरगा आणि 'वाँडरर'चा हा सायकलस्वार यांची गाठ पडली असती तर दोघांना एकमेकांचे काम समजावून सांगण्याची गरज पडली नसती.

मोटार आली तशी गाडीवानाची जागा ड्रायव्हरने घेतली. सुरुवातीच्या सर्व्हिस मोटारी खाजगी मालकांच्या. माणसे मोजून बसवण्याची पद्धत नव्हती. टपावर फणसांपासून कोंबड्यांपर्यंत सर्व काही चढे, आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाल्यावर मागे भट्टी बसवून कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवण्यात आल्या, तेव्हा चढावर उतारूंनी उतरून चालण्याची जुनी रीतही परत आली. 1939 च्या मोटार कायद्याने परवाने, वजने व उतारूंची संख्या यांचा बंदोबस्त केला. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, पुढल्या वर्षी 1 मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि हळूहळू घाटांतील वाहतूक एस. टी.च्या हाती गेली.

बिऱ्हाडासह प्रवास करण्याची कोल्हापूरकरांची हौस एस. टी.ने मोडली नाही, उलट तिला एक दस्तऐवजी रूप दिले. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुकेची, म्हणजे यल्लम्माची, यात्रा भरते आणि कोल्हापूर शहर व आसपासच्या गावांतून भाविकांचा लोंढा सुमारे दोनशे किलोमीटरांवरील त्या डोंगराकडे निघतो. पूर्वी हा प्रवास बैलगाड्यांच्या रांगांनी होई. पुढे गल्लीच्या गल्ली मिळून 'प्रासंगिक करारा'वर एस. टी. ठरवू लागली, आणि ज्यांना ते जमले नाही त्यांनी ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर काढले. या गाड्यांत काय जाते ते पाहावे: पिठाची पोती, गॅसच्या शेगड्या, पाण्याची पिंपे, तंबूचे बांबू, आजारी म्हातारी, सहा महिन्यांचे मूल आणि देवीची प्रतिमा असलेली 'जग' नावाची टोपली. डोंगरावर दोन-चार दिवस गाडीभोवतीच संसार चालतो. परत आल्यावर ओढ्यावरच्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा झाली म्हणजे हे प्रकरण पुरे होते. गल्लीचा कारभारी आणि एस. टी.चा ड्रायव्हर यांच्यात या दिवसांत जो सलोखा जमतो तो पाहण्यासारखा असतो. ड्रायव्हरला पहिले पान वाढतात, त्याच्या झोपेच्या वेळी गाडीजवळ ढोल वाजवू देत नाहीत, आणि तो 'आता निघायचं' म्हणाला की पुढारी मुकाट्याने माणसे मोजू लागतो. घाटातील जुना संकेत येथे खाकी गणवेशात जिवंत आहे.

हा संकेत सुटतो तेथे काय होते याची साक्ष रस्ते देतातच, आणि रस्त्याची हयगयही त्यात भर घालते. 26 जानेवारी 2018 च्या रात्री गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनीबस पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि 13 जणांचा अंत झाला. शेजारचा पर्यायी पूल ब्रह्मपुरीच्या संरक्षित टेकडीलगतच्या बांधकामबंदीपायी वर्षानुवर्षे अपुरा पडून होता. या एका घटनेवरून कोणा एकावर ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु दिवसभर समुद्रावर हिंडून रात्रीतच घाट चढून परतण्याची जी घाई हल्ली सहलींना जडली आहे, ती जुन्या गाडीवानाने मान्य केली नसती, एवढे मात्र निश्चित. त्यानंतर दीडच वर्षाने, ऑगस्ट 2019 च्या महापुरात, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांवर इशारा आणि 43 फुटांवर धोका हे आकडे येथील शाळकरी पोरालाही पाठ. पण मालाचे ट्रक घेऊन परमुलखातून आलेल्या चालकांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते बिचारे आपापल्या केबिनमध्येच बिऱ्हाड करून राहिले आणि आसपासच्या लोकांनी त्यांना जेवण पोचवले.

आजचे मोटारबिऱ्हाड भाड्याने घेणाऱ्याने, त्यातही चालक न घेता स्वतः हाकणाऱ्याने, हे सारे ध्यानात घ्यावे असे मला वाटते, कारण या व्यवहाराच्या दीर्घ इतिहासात वाटेचे ज्ञान वगळून केवळ गाडी हाती देण्याचा प्रकार प्रथमच घडत आहे. साडेसात टनांपर्यंतचे वाहन हलक्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, म्हणून ते हलक्या मोटारीसारखे वागते असे नाही. त्याची उंची दोन पुरुषांच्या जवळपास जाते. राधानगरीच्या वाटेवरील वडांच्या फांद्या आणि गावोगावच्या कमानी छोट्या मोटारीला कधी दिसतच नाहीत, त्या येथे टपाला भिडतात. मागचे अंग लांब, म्हणून वळताना शेपूट विरुद्ध बाजूस फेकले जाते आणि दुचाकीवाला नेमका तेथेच असतो. पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलोचे ओझे, आणि अर्धवट भरली तर वळणावर ते ओझे एकीकडून दुसरीकडे धावते. सामान मागच्या चाकांच्याही मागे रचले तर पुढची चाके हलकी होतात व सुकाणू हाताला हलके लागू लागते: ही उलाळच, फक्त बैल नाहीत. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, नाहीतर ब्रेक तापून ऐन वेळी दगा देतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तळाशी साचून राहतो. चाक फिरण्यापूर्वी सिलिंडर बंद करावा, आणि रात्री खिडकी थोडी उघडी ठेवल्याशिवाय शेगडीची ऊब घेत निजू नये. नदीकाठची सपाट, हिरवी जागा मुक्कामाला फार मोहक दिसते. पावसाळ्यात ती नदीचीच असते. दाजीपुराकडे रात्री गवे रस्त्यावर येतात आणि हजार किलोचा तो जीव दिव्यांच्या उजेडात बाजूला होईलच असे नाही.

एका बाबतीत मात्र जुने शास्त्र उपयोगी पडत नाही. चालत्या बैलगाडीत झोपता येई, कारण तिची गती माणसाच्या चालीएवढीच. मोटारबिऱ्हाडात पलंग आहे म्हणून वाटेत त्यावर लवंडणे किंवा ओट्याशी उभे राहून चहा करणे हा शुद्ध वेडेपणा होय. चाके फिरत आहेत तोवर ते घर नव्हे, आणि प्रत्येकाने पट्टा बांधून आसनावर बसलेच पाहिजे.

पर्यटकांच्या या नव्या घरांची चर्चा वृत्तपत्रांतून होत असताना, दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूरच्या शिवारांत भाड्याच्या चाकांवरचे आणखी एक बिऱ्हाड येऊन दाखल होते, त्याकडे मात्र पर्यटनाच्या दृष्टीने कोणी पाहत नाही, आणि ते बरेच आहे. बीड-अहिल्यानगरकडील (पूर्वीच्या अहमदनगरकडील) ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन येतात, उसाच्या पाचटाच्या कोपी उभारतात, आणि त्यांतील कित्येकांना कारखान्याकडून रबरी चाकांची टायरगाडी भाड्याने मिळते. बैल त्यांचे, गाडी कारखान्याची, ऊस बागायतदाराचा. तोडलेला ऊस रचून त्यावर बायको, मुले आणि कोयते बसवून ही गाडी पहाटेच्या धुक्यात कारखान्याच्या वजनकाट्याकडे निघते; ओझ्याचा समतोल साधण्याची ती जुनी विद्या आजही कोठे पुरतेपणी शिल्लक असेल तर ती यांच्या हाती. त्यांच्या गाड्यांना मागे तांबडे परावर्तक लावण्याची मोहीम परिवहन खाते व कारखाने गळीत हंगामात काढतात. ज्यांना ते मिळाले नाहीत ते अजूनही कण्याखाली कंदील बांधतात.